परग्रहवासी ‘आम्ही’ म्हणतो तेव्हा

हॉथ म्हणजे बर्फ, टॅटूइन म्हणजे वाळू, एंडोर म्हणजे जंगल. ‘स्टार वॉर्स’ पाहिलेल्या मुलांना हा भूगोल तोंडपाठ असतो, कारण त्यात पाठ करण्यासारखे फारसे नाहीच. एका गोलाला एकच हवा. तिथल्या रहिवाशांनाही बहुधा एकच भाषा, एकच पेहराव आणि एकच स्वभाव. ‘स्टार ट्रेक’मधले क्लिंगॉन लढवय्ये, व्हल्कन तर्कनिष्ठ, फेरेंगी नफेखोर. आता मुंबई-हावडा लोहमार्गावर गोंदिया आणि आमगाव मागे टाकून सालेकशाला या. महाराष्ट्राच्या पूर्व टोकाचा हा एक तालुका, पलीकडे छत्तीसगड आणि मध्य प्रदेश. एका अंगाला धानाच्या बांध्या, दुसऱ्या अंगाला दरेकसा-हाजरा फॉलचे डोंगर आणि दाट झाडी. या पट्ट्यात गोंड, हलबा, कवर, पोवार, लोधी, कुणबी अशा किती तरी समाजांची वस्ती, आणि बाजाराच्या दिवशी कानावर पडणाऱ्या बोलींत गोंडी, पोवारी, छत्तीसगढी, झाडीबोली, हिंदी सगळे काही. सबंध आकाशगंगेच्या कथेत एका ग्रहाला जेवढे वैविध्य मिळत नाही तेवढे इथे एका तालुक्यात आहे. हा फरक का पडतो, हे नीट पाहण्यासारखे आहे. परग्रहवासी सगळे सारखे दिसतात यामागे विज्ञान नाही, आणि कल्पनाशक्तीचा आळस एवढेच त्याचे कारण नाही. माणसांकडे दुरून पाहण्याची एक जुनी, कागदोपत्री सवय आपण ताऱ्यांपर्यंत नेली आहे. ती सवय कशी घडली आणि तिच्यातून काय निसटते, हे समजून घ्यायला सालेकशाजवळच्या कचारगडाइतकी चांगली जागा क्वचितच सापडेल.

अंतराळातली साम्राज्ये, ग्रहाग्रहांतल्या लढाया आणि अनेक परकीय जीवजाती यांनी भरलेल्या कथेला ‘स्पेस ऑपेरा’ म्हणतात. विल्सन टकर या लेखकाने १९४१ साली हा शब्द घडवला तो नाक मुरडण्यासाठी. पुढे तो या प्रकाराचे साधे नाव झाला. पण या कथांची मुळे त्याआधीची, साम्राज्यांच्या काळातली आहेत. एच. जी. वेल्सची ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ १८९८ मध्ये पुस्तकरूपाने आली, आणि तिच्या पहिल्याच प्रकरणात वेल्सने वाचकाला टास्मानियाच्या मूळ रहिवाशांची आठवण करून दिली आहे: युरोपियनांनी त्यांचे जे केले तेच मंगळावरचे लोक आपले करू पाहत असतील तर तक्रार कोणत्या तोंडाने करायची, असा त्याचा सवाल होता. म्हणजे परग्रहवासी इंग्रजी कादंबरीत आला तोच वसाहतीच्या हिशेबाची वही हातात घेऊन. वेल्सला याची जाणीव होती. त्याच्यानंतरच्या पुष्कळांना राहिली नाही, आणि तरीही वही तीच राहिली.

ती वही कशी लिहिली जात होती हे आपल्याकडे पाहता येते. १८५७ नंतर इंग्रजी सैन्यभरतीत ‘लढवय्या जाती’ नावाची कल्पना रुजली. कोण शूर आणि कोण नाही हे माणूस पाहून नव्हे, जात पाहून ठरू लागले. १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा आला आणि काही समाजांतले मूल जन्माला येतानाच संशयित ठरू लागले. स्वभाव रक्तातून येतो, सगळ्या गटात सारखा वाटलेला असतो आणि बाहेरचा अधिकारी तो दोन ओळींत नोंदवू शकतो, या तीन गृहीतकांवर ही व्यवस्था उभी होती. तिचा पोकळपणा महारांच्या सैनिकी इतिहासात उघडा पडतो. कंपनीच्या फौजेत पिढ्यान्‌पिढ्या लढलेल्या महारांची भरती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद झाली, कारण नव्या यादीत ते ‘लढवय्ये’ नव्हते. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागल्यावर पुन्हा दार उघडले, पुन्हा मिटले, आणि १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली. या पन्नास वर्षांत बदलला तो यादीतला शेरा, आणि शेरा लिहिणाऱ्याची गरज. क्लिंगॉन ही लढवय्यी जात आहे असे पडद्यावरचा कप्तान सांगतो तेव्हा तो याच यादीतून वाचत असतो, मग लेखकाला ते ठाऊक असो वा नसो.

कचारगड सालेकसा तालुक्यात, धनेगावच्या जंगलात आहे. डोंगरातली ही प्रचंड नैसर्गिक गुहा गोंड समाजाचे उगमस्थान मानली जाते, आणि माघ पौर्णिमेच्या सुमाराला इथल्या यात्रेला अनेक राज्यांतून लोक येतात. सतरंगी झेंडे, पिवळे फेटे आणि ‘जय सेवा’चा घोष यांनी डोंगरवाट भरून जाते. इथे सांगितली जाणारी कथा अशी: काली कंकाली मातेची मुले या गुहेत कोंडली गेली आणि तोंडावर मोठी शिळा बसवली गेली. त्यांच्या सुटकेसाठी पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांनी खटपट केली. शेवटी हिरासुका पाटालीर या वादकाने गुहेबाहेर बसून किंगरी छेडली. त्या सुरांनी आतल्या मुलांच्या अंगात बळ आले, त्यांनी एकजुटीने शिळा ढकलली, ती सरकली, आणि गडगडत आलेल्या त्याच शिळेखाली हिरासुका गेला. सुटलेल्या मुलांना लिंगोने पुनेम, म्हणजे जगण्याची रीत, शिकवली. बाहेरचे जग ज्यांना ‘गोंड’ म्हणते ते स्वतःला ‘कोइतूर’ म्हणतात, हेही इथे लक्षात ठेवावे. नाव ठेवणारा एक आणि नावाचा धनी दुसरा, ही गोष्ट अंतराळकथांतल्या जवळजवळ प्रत्येक जीवजातीच्या वाट्याला आलेली असते.

लिंगोची ही कथा एकच नाही. नागपुरात राहिलेला स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप याने ती एका परधान गायकाकडून गोंडीत उतरवून घेतली होती. हिस्लॉप १८६३ मध्ये वारला आणि त्याची टिपणे रिचर्ड टेंपलने १८६६ साली छापली. त्या पाठात गोंडांना कोंडतो महादेव, गुहेच्या तोंडावर सोळा हातांची शिळा असते, राखणीला भस्मासुर बसतो, आणि निसटलेले चौघे काचिकोपा लोहागडाला आसरा घेतात. फुलातून जन्मलेला लिंगो या चौघांना गाठतो, आणि बाकीच्यांची सुटका व्हावी म्हणून बिंदो पक्ष्याची पिले महादेवाकडे नेण्याचे अवघड काम करतो. तिथे सुटकेसाठी छेडलेली किंगरी नाही, शिळेखाली जाणारा वादकही नाही. दोन्ही पाठ खरे आहेत, कारण दोन्ही सांगणारे त्याच परंपरेचे आहेत. परधान हे गोंडांचे परंपरागत गायक, वंशावळी आणि देवकथा जपणारे. प्रत्येक घराण्याचा गायक वेगळा, तशी गाण्याची वळणेही वेगळी. नागपूरचे अभ्यासक मोतीरावण कंगाली यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोया पुनेमावर लिहिले ते या बोलत्या परंपरेतून आणि आतल्या माणसाच्या नजरेने. एका समाजाच्या एका उगमकथेचे एवढे पाठ असतील, तर अख्ख्या ग्रहाची एकच पुराणकथा असते हे आपण कशाच्या आधारावर मान्य करतो?

समाजरचनेतही तेच. बाहेरून ‘गोंड’ असा एक शब्द दिसतो. आत चार देवांचे, पाच देवांचे, सहा देवांचे, सात देवांचे असे गट आहेत. आपल्या देवसंख्येच्या गटात सोयरीक करत नाहीत, कारण ते सगळे एकमेकांचे भाऊबंद. कुळाकुळांची झाडे, प्राणी, पक्षी ठरलेले. आपल्या कुळाच्या झाडाला तोडायचे नाही, आपल्या प्राण्याला मारायचे नाही. या व्यवस्थेचा गाभा लक्षात घ्या: घर चालायचे तर दुसरा गट असावाच लागतो. सगळे एकसारखे झाले तर लग्नच होणार नाही. वेगळेपण हीच इथली गाठ आहे. अंतराळकथेतली जीवजात मात्र उलट्या नियमाने बांधलेली असते, सारखेपणा हीच तिची ओळख.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो वाजवी आहे. चित्रपटाला दोन तास, कादंबरीला तीनशे पाने. शंभर जीवजातींचे अंतर्गत भेद दाखवायला वेळ कुठून आणायचा? परका पटकन ओळखू यायला हवा, म्हणून त्याला एक रंग, एक स्वभाव. पण मग त्याच चित्रपटातल्या माणसांकडे पाहा. ‘स्टार वॉर्स’मध्ये माणूस राजकन्या आहे, तस्कर आहे, शेतकरी आहे, सम्राट आहे, संन्यासी आहे. एवढ्याच वेळात माणसांना पाच स्वभाव परवडतात आणि परक्याला एकच परवडतो. तेव्हा हा प्रश्न वेळेचा नसून वेळ कोणाला द्यायचा याचा आहे. थोडक्यात काम कसे होते याचा उत्तम नमुना चिनी लेखक लिउ त्सिशिन यांच्या ‘थ्री-बॉडी प्रॉब्लेम’मध्ये आहे. पृथ्वीवर चालून येणाऱ्या त्रिसूर्य ग्रहावरचा एक साधा श्रवणकेंद्राचा कर्मचारी आपला संदेश ऐकतो आणि स्वतःच्या जातीशी द्रोह करून कळवतो की उत्तर देऊ नका. नाव नसलेला, फक्त क्रमांक असलेला तो एक जण. त्याला काही पानेच मिळतात, पण तेवढ्याने सबंध जात जिवंत होते, कारण तिच्यात मतभेद आहे हे आपल्याला कळते.

दुसरा आक्षेप अधिक शास्त्रीय वळणाचा. ताऱ्यांपर्यंत पोचलेली संस्कृती एव्हाना एकजिनसी झालेली असेल. दळणवळण वाढले की भाषा मरतात, रीती विरतात, पृथ्वीवरही तेच चालले आहे. यातले अर्धे खरे आहे. २०११च्या जनगणनेत गोंडीची मातृभाषा म्हणून नोंद करणारे सुमारे २९ लाख होते, आणि तरी ती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही, शाळेत जवळजवळ नाही. आसपासच्या मोठ्या भाषा तिच्यावर रोज दाब टाकतात. पण दळणवळणाने सारखेपणाच वाढतो असे नाही. कचारगडाची आजची मोठी यात्रा ही फार जुनी गोष्ट नाही. १९८०च्या दशकापासून ती वाढत गेली, आणि वाढली ती रेल्वे, रस्ते, छापील पुस्तके, पुढे मोबाइल यांच्याच आधाराने. मंगलसिंग मसराम यांनी १९१८ साली गोंडीसाठी घडवलेली लिपी २०१७ मध्ये संगणकाच्या युनिकोड प्रमाणात आली, आणि तेलंगणातल्या गुंजाळा गावच्या जुन्या हस्तलिखितांतली वेगळी गोंडी लिपी २०१८ मध्ये. म्हणजे जागतिक तंत्रज्ञानाने एका भाषेला एकाऐवजी दोन लिप्या पोचवल्या. जीवशास्त्रही याच बाजूने साक्ष देते. मोठे आवार, वेगवेगळे हवामान आणि डोंगर-नद्यांचे अडसर असले की एका पूर्वजापासून अनेक जाती फुटतात. ज्या ग्रहावर ध्रुव आणि विषुववृत्त आहे तिथे सगळीकडे एकच हवा असणे हे कधी तरी घडेल, पण तोच नियम म्हणून मानायला आधार नाही.

भाषेच्या बाबतीत तर ही सारी घडण अगदी जवळून दिसते, आणि इथे मला थोडे रेंगाळायचे आहे. परग्रहवासीयांच्या भाषा आकाशातून पडत नाहीत. क्लिंगॉन भाषा रचणारा मार्क ओक्रंड हा भाषाशास्त्रज्ञ, त्याचा पीएच.डी.चा प्रबंध कॅलिफोर्नियातल्या मुत्सुन या मूळ रहिवाशांच्या भाषेवर होता, जिची अखेरची जाणकार स्त्री १९३० मध्ये वारली. १९८३च्या ‘रिटर्न ऑफ द जेडाय’मधल्या अस्वलासारख्या इवॉकांची बोली ध्वनिसंयोजक बेन बर्ट याने काल्मिक भाषेच्या नादावरून बेतली. त्याच चित्रपटात नीएन नुंब नावाचा मोठ्या गालांचा वैमानिक आहे. त्याचा आवाज एका केनियन विद्यार्थ्याचा, आणि वाक्ये केनियातल्या भाषांतली. नैरोबीच्या चित्रपटगृहात हा परग्रहवासी बोलू लागला तेव्हा तिथल्या प्रेक्षकांना तो समजला. एकाला जे अनोळखी गुरगुरणे वाटते ते दुसऱ्याच्या घरातले बोलणे असते. तेव्हा ‘परका’ हा त्या जिवाचा गुण नसून ऐकणारा कुठे बसला आहे यावर ठरणारी गोष्ट आहे, हे त्या चित्रपटगृहात एका क्षणात सिद्ध झाले.

‘अवतार’मधल्या नावी लोकांची भाषा पॉल फ्रॉमर यांनी रचली, ती फारच काळजीपूर्वक. इंग्रजी प्रेक्षकाला ती खरोखर वेगळी वाटावी म्हणून तिच्यात त्यांनी जी वैशिष्ट्ये घातली त्यांतले एक असे: ‘वुई’ या एका इंग्रजी शब्दासाठी तिथे दोन प्रकारची रूपे आहेत, एकात ऐकणारा धरलेला असतो, दुसऱ्यात वगळलेला. मराठी वाचकाला यात नवल वाटणार नाही. आपण रोज हेच करतो. ‘आम्ही जेवायला जातोय’ म्हटले की समोरच्याने घरी जावे. ‘आपण जेवायला जातोय’ म्हटले की त्याने चपला घालाव्यात. हा भेद हिंदीच्या ‘हम’मध्ये नाही, संस्कृतातही नव्हता. द्राविडी कुळातल्या भाषांत तो जुना आहे, आणि गोंडी त्याच कुळातली. मराठीत तो दक्षिणेच्या भाषांच्या शेजाराने आला असे अभ्यासक मानतात. म्हणजे हॉलिवूडने पॅन्डोरा या नावींच्या जगावर नेऊन ठेवलेले नवल सालेकशाच्या बाजारात भाजी घेताना दोन भाषांतून ऐकू येते.

‘अवतार’चे नाव निघाल्यावर तिसरा आक्षेप आपोआप येतो: त्या चित्रपटाची सहानुभूती तर जंगलातल्या लोकांच्या बाजूने आहे! ती आहे, आणि तिचा उपयोगही झाला. २०१० मध्ये ओडिशातल्या नियमगिरी डोंगराच्या रक्षणासाठी डोंगरिया कोंधांची बाजू मांडणाऱ्या एका संस्थेने अमेरिकन मासिकात जाहिरात देऊन दिग्दर्शक जेम्स कॅमेरॉनना साद घातली होती: तुमची कथा इथे खरी घडते आहे. पण पुढे काय झाले ते चित्रपटाशेजारी ठेवून पाहावे. पॅन्डोरावर सगळे नावी एका सुरात बोलतात, आणि त्यांना वाचवायला बाहेरून आलेला एक सैनिक पुढारी होतो. नियमगिरीत सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१३ मध्ये डोंगरातल्या खाणीचा निर्णय ग्रामसभांवर सोपवला, आणि जुलै-ऑगस्टमध्ये बारा गावांच्या बारा ग्रामसभा एकामागून एक भरल्या. प्रत्येकीने वेगळी बैठक घेतली आणि प्रत्येकीने खाणीला नकार दिला. निकाल एकमुखी होता, पण तो बारा वेळा, आपापल्या गावात, आपापल्या तोंडाने दिला गेला. सहानुभूतीने रंगवलेली एकजिनसी जात शेवटी कोणी तरी बोलते होण्याची वाट पाहत बसते. ग्रामसभा वाट पाहत नाही.

चौथा आक्षेप सगळ्यांत टोकदार आहे आणि तो या लेखावरच येतो. परग्रहवासी समजावून सांगायला गोंडांकडे जाणे म्हणजे पुन्हा त्यांनाच ‘परके’ ठरवणे नव्हे का? धोका खरा आहे. उद्या एखाद्या मराठी लेखकाने सतरंगी झेंडा, किंगरी आणि गुहा उचलून निळ्या कातडीच्या जिवांना चिकटवली, तर ती १८७१ची वहीच नव्या पुठ्ठ्यात बांधलेली असेल. मला कोइतुरांचे रूप उसने घ्यायचे नाही. कचारगडावरून घ्यायची आहे ती पाहण्याची पद्धत: एक कथा किती तोंडांनी सांगितली जाते ते मोजणे, बाहेरच्या नावाआड आतले नाव शोधणे, सोयरीक कोणाशी होते आणि कोणाशी होत नाही ते विचारणे. ही पद्धत मुंबईच्या चाळीलाही तेवढीच लागू पडते. अमेरिकेत अर्सुला ले ग्विन यांनी नेमके हेच केले. मानववंशशास्त्रज्ञ आल्फ्रेड क्रोबर यांच्या त्या कन्या, घरात कॅलिफोर्नियातल्या मूळ रहिवाशांचा अभ्यास चाललेला. त्यांच्या १९६९च्या ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’मधला गेथेन ग्रह बर्फाचाच आहे, पण त्यावर कारहाईड आणि ऑर्गोरेन अशी दोन राज्ये आहेत. दोघांचे राज्यकारभार वेगळे, संशयाच्या तऱ्हा वेगळ्या, आणि कादंबरीच्या मध्ये मध्ये तिथल्याच लोककथा येतात.

मराठीत या कामाला जागा मोकळी आहे. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ पाठवली ती नारायण विनायक जगताप या टोपणनावाने, आणि तिला बक्षीस मिळाले. त्यांच्यासह बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांनी विज्ञानकथेला वाचक मिळवून दिला. पण या कथेचा भर राहिला तो विज्ञानातल्या एखाद्या कल्पनेवर आणि तिच्या परिणामांवर. अनेक जगांची, अनेक समाजांची दीर्घ अंतराळगाथा मराठीत रुजली नाही, आणि आपल्या मुलांना परग्रहवासी भेटतो तो बहुतेक वेळा आयात केलेला. विस्कळीत, बहुभाषी, शेजाऱ्याशी भांडूनही सोयरीक जोडणारा समाज कसा असतो हे मराठी लेखकाला मुद्दाम शिकावे लागत नाही. सालेकसा, देवरी, चिखलदरा, धडगाव, सावंतवाडी, बेळगाव, सगळीकडे तो राहतोच आहे.

असा लेखक लिहायला बसला की परग्रहाचा दूत पृथ्वीच्या सभेत उभा राहील, पाण्याबद्दल बोलेल, आणि इंग्रजीत जिथे एकच शब्द पुरला असता तिथे मराठीत लेखकाचा हात थांबेल. ‘आम्हाला हे पाणी लागते’ की ‘आपल्याला हे पाणी लागते’? ते ठरवायला त्याला त्या ग्रहावर किती गट आहेत, दूताला कोणी पाठवले, कोणी अडवले आणि समोर बसलेल्या माणसांशी त्याचे नाते काय, हे सगळे आधी ठाऊक असावे लागेल.